फुकटाचं महागडं काम

‘मृत्युपत्र करायचं तर खर्च फार येतो हो,’ असं सांगणारे अण्णा मुलाच्या लग्नात नुसत्या फेट्यांवर वकिलाची वर्षाची फी उधळून मोकळे होतात. कायदा मात्र भलताच काटकसरी. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याला साधा कागद, आपली सही आणि दोन साक्षीदार पुरतात. महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. पण ‘आत्ताच कशाला अभद्र बोलायचं?’ म्हणत कागद कोराच राहतो. मग सातबाऱ्यावरच्या नावांसाठी सख्खे भाऊ दिवाणी कोर्टाच्या बाकावर भेटतात, तारखा पडत राहतात आणि फी नातवंडं भरतात. अण्णा, वकील महाग नसतो. महाग पडतं ते वारसांना अंधारात ठेवणं.