चार मीटरला पाच मिलीमीटर कमी

रोजच्या वापराला गाडी हवी म्हणून माणूस शोरूमला जातो आणि तिथे पोचला की रोजचा वापर सोडून बाकी सगळ्याचा विचार करू लागतो. कोथरूडहून स्वारगेटला जाताना नळस्टॉपच्या सिग्नलला आपलं निम्मं आयुष्य जातं, हे त्याला आठवत नाही. आठवतो तो वरंधा घाट, मग स्पिती, मग लडाख. "घाटात दम टाकणार नाही ना?" असं तो विचारतो. वयाने त्याच्या भाच्याएवढा असलेला विक्रेता "सर, एकदम मख्खन!" म्हणतो. गणपतीला गावी जाताना शेवटी लागणारा तो कच्चा तुकडा, तोही मागच्या निवडणुकीच्या आधी सिमेंटचा झालेला. पण त्या तुकड्याच्या आठवणीवर अख्खी गाडी ठरते.

आमच्याही घरात हे सुरू झालं. मुलाला सनरूफ हवं होतं. बायकोला ऑटोमॅटिक हवी होती, कारण कर्वे रोडवर क्लच दाबून दाबून तिचा डावा पाय दुखायला लागला होता, आणि ही मागणी सगळ्यांत शहाणपणाची असल्यामुळे तिच्यावर सगळ्यांत कमी चर्चा झाली. कराडचे मामा फोनवर एवढंच विचारत होते, "ॲव्हरेज किती देते?" आईने काहीच मागितलं नाही. "तुम्हाला आवडेल ती घ्या, मला मेलीला कुठे जायचंय," म्हणाली. आईने असं म्हटलं की निर्णय तिच्यावरच येऊन ठेपणार, हे मला कळायला हवं होतं.

गाड्यांची माहितीपत्रकं घेऊन बसलो तेव्हा एक गंमत दिसली. नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलीमीटर, ब्रेझाची ३९९५, व्हेन्यूची ३९९५. नाशकात बनणारी महिंद्राची थ्रीएक्सओ तेवढी ३९९०. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या देशांत शिकलेल्या अभियंत्यांना एकाच आकड्याची अशी ओढ का लागावी? कारण हा आकडा त्यांनी काढलेलाच नाही. तो अर्थमंत्रालयाने काढला. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आलं आणि छोटी गाडी म्हणजे काय तेही ठरलं: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५००पर्यंत. त्यानंतर या देशात गाड्यांची मागची बाजू शिंप्याकडे जायला लागली. २००८मध्ये इंडिगो सीएस आली, २०१२मध्ये डिझायर अशीच आखूड होऊन आली, आणि डिकी असूनही डिकी नसल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांची लोकांना सवय झाली.

उंच गाड्यांमध्ये हा पहिलेपणाचा मान आपल्या चिंचवडचा. प्रीमियरने २००९मध्ये रिओ आणली. चार मीटरच्या आतली, मागच्या दाराला स्टेपनी लटकवलेली. पद्मिनी बनवणाऱ्या कंपनीची ही गाडी आज कोणाला आठवत नाही, आणि आठवण करून दिली तरी लोक "ती किआची का?" असं विचारतात. पुढे २०१३ला फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ला ब्रेझा, २०१७ला रांजणगावची नेक्सॉन, आणि मग रांगच लागली. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीने ही टेप आणखी घट्ट केली. मापात बसलात तर १८ टक्के, नाही बसलात तर ४०. बिचारी ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती मोठ्यांच्या पंगतीत बसून मोठ्यांचा कर भरते. आपण शोरूममध्ये उभे राहून "डिझाइन काय सुंदर आहे" म्हणतो, ते खरं तर महसूल खात्याचं कौतुक असतं.

आणि एवढं करून या उंच गाड्या एसयूव्ही आहेत का? या मंडळींपैकी बहुतेकींची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. चिखलात रुतली तर ती हॅचबॅक रुतते तशीच रुतणार, फक्त जरा उंचावरून. चार मीटरच्या आतली फोर बाय फोर हवी असेल तर थार आहे, जिमनी आहे. पण तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं म्हणजे पुढची सीट दुमडून आत शिरायचं. हे दृश्य आईला घेऊन डोळ्यांसमोर आणलं आणि तो विषय तिथेच संपला.

ग्राउंड क्लिअरन्सचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, छान गोलसर असावा. असा गतिरोधक पुण्यात कुठे असेल तर त्याला पाहायला मी सहकुटुंब जाईन. आमच्याकडे डांबर उरलं की गतिरोधक होतो. रात्रीत उगवतो, पांढरे पट्टे पुढच्या वर्षी येतात, तोवर त्याची ओळख गाडीच्या पोटाला पटलेली असते. तेव्हा पंच नावाच्या गाडीचे १८७ मिलीमीटर किंवा नेक्सॉनचे दोनशेच्या वरचे आकडे वाचून माणसाला हायसं वाटणं साहजिक आहे. फक्त हा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. त्यात पाच माणसं, आंबेमोहराचं अर्धं पोतं, दोन फणस आणि "एवढी पिशवी ठेव रे कुठेतरी" असं म्हणून आत्याने दिलेली ती पिशवी (जी कधीच एवढी नसते) ठेवली की गाडी खाली बसते आणि आकडाही तिच्याबरोबर बसतो. शिवाय गतिरोधकावर पोट घासणार की नाही, हे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावरही ठरतं. अंतर कमी तर कमान मोठी. त्यामुळे आखूड पंच कधी कधी लांब, भारदस्त गाडीपेक्षा निवांत पार होते.

आणि पाणी. उंच गाडी म्हणजे पाण्यातून जाणारी गाडी, हा गैरसमज पावसाळ्यात गॅरेजवाल्यांचं पोट भरतो. इंजिनला हवा घेण्याचं तोंड कुठे आहे, ते बघायचं असतं. त्यात पाणी गेलं की पोट कितीही उंच असो, इंजिन बंद. जुलै २०२४मध्ये खडकवासल्याचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हा त्याने हॅचबॅक कोणती आणि एसयूव्ही कोणती, असा भेद काही केला नाही.

विक्रेत्याला वाटत होतं की टेस्ट ड्राइव्ह बायपासवर घ्यावी. तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या पळतात. बायको म्हणाली, "नको, आमच्या पार्किंगमध्ये घ्या." तो पोरगा जरा गडबडला. आमची सोसायटी मारुती ८००च्या काळातली, त्यामुळे स्टिल्टमधल्या दोन खांबांमधली जागा त्याच हिशेबाने सोडलेली. उजव्या खांबावर हाताच्या उंचीला रंगांचे पट्टे आहेत: लाल, चंदेरी, मधे एक हिरवट. प्रत्येक पट्टा कोणाच्या तरी पहिल्या आठवड्याचा. नेक्सॉनची रुंदी १८०४ मिलीमीटर, आरसे सोडून. आरसे मिटले, रिव्हर्स कॅमेऱ्यावर पिवळ्या-लाल रेषा उमटल्या, सेन्सर टीं-टीं करायला लागला, आणि या सगळ्याच्या वरताण आवाजात वॉचमन ओरडला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... डावी मारा... बास!" कॅमेऱ्याने अजून थोडी जागा दाखवली होती. बायकोने वॉचमनचं ऐकलं. गाडी बसली, पण दार उघडून बाहेर पडायला पोट आत घ्यावं लागलं. तिने बाहेर येऊन एवढंच म्हटलं, "ही नाही. हिच्यापेक्षा अरुंद आणा."

दुसऱ्या फेरीत पंच आली, १७४२ मिलीमीटर रुंद. तोवर आई शाल घेऊन खाली आली होती, "नुसती बघते" म्हणत.

इथे मला खरी गोष्ट कळली, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. आमच्या जुन्या गाडीत बसताना आई आधी दाराला धरते, मग मान घालते, मग "आई गं" म्हणत खाली खाली जाते आणि शेवटची चार बोटं अंग टाकून देते. उतरणं त्याहून वाईट. दोन्ही हात द्यावे लागतात. मेव्हण्याच्या मोठ्या थोरल्या गाडीत उलटा प्रकार. तिथे चढायचं असतं, पायदानावर एक पाय ठेवून, साडीच्या निऱ्या धरून, आणि तिचा उजवा गुडघा त्याला तयार नसतो. या गाडीचं दार जवळजवळ काटकोनात उघडलं. आईने पाठ वळवली, मागे टेकली, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले. खाली जावं लागलं नाही, वर चढावं लागलं नाही. सीट बरोबर कमरेच्या उंचीला होती. ती दोन क्षण तशीच बसली आणि म्हणाली, "ओट्यावर टेकल्यासारखं वाटतंय."

माझ्या मते या गाड्या शहरात एवढ्या खपतात त्याचं अर्ध्याहून अधिक श्रेय या उंचीला आहे. जाहिरातीत गाडी वाळवंटात धूळ उडवते, चालवणारा पंचविशीतला आणि दाढीवाला असतो. खरेदी करणारा मात्र पंचेचाळीस-पन्नासचा, त्याच्या घरी एक तरी संधिवात आणि एक तरी स्पॉन्डिलायटिस. पण "गुडघ्यांना सोयीची" अशी जाहिरात कोण करणार? म्हणून मग डोंगर दाखवायचे.

सनरूफचं सांगतो. मे महिन्यातल्या पुण्यात छताला भोक पाडून त्यातून ऊन आत घ्यायचं आणि त्याच्यासाठी एसी वाढवायचा, याचा हिशेब मला लागलेला नाही. मुलाने त्यावर "तुम्हाला नाही कळणार बाबा" म्हटलं, आणि हे त्याचं उत्तर मला पटलं. ताऱ्यांचं मात्र बरं झालं. २०१८च्या डिसेंबरात नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, तेव्हापासून लोक ॲव्हरेजच्या पाठोपाठ सुरक्षिततेचंही विचारायला लागले. फक्त ताऱ्यांचे पैसे मोजून घरी आणलेल्या गाडीला लोक दुसऱ्याच दिवशी सीट कव्हरं घालतात आणि मागच्या पट्ट्यांची बकलं त्या कव्हरांखाली कायमची गाडून टाकतात. चार दारं उघडून बघा, दहातल्या कितीतरी गाड्यांत बोटाने चाचपावं लागेल.

पार्किंगमध्ये एव्हाना बरीच गर्दी झाली होती. कोणी टायर दाबून पाहिला, कोणी बॉनेटवर थाप मारली, कोणी "सीएनजी घ्या, डोळे मिटून" असा सल्ला दिला. वॉचमनने मत दिलं की आधीच्या गाडीपेक्षा ही ऐकते बरी. आम्ही मात्र "पाडव्याला बघू" म्हणत विक्रेत्याकडून रंगांचं पत्रक घेतलं, कारण रंगावर अजून घरात एकमत व्हायचं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका तेवढ्यात दूध घेऊन आले. पिशवी हातातच ठेवून ते मागच्या सीटवर बसले, उतरले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. त्यांनी लांबी विचारली नाही, इंजिन विचारलं नाही, खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही. "यात पांढरी लगेच मिळेल का?" म्हणाले, आणि त्या पोराचं त्या दिवशीचं बुकिंग झालं.