गहू सोडण्याचा विधी (नगर जिल्ह्यापुरता)

सर्वप्रथम एक सक्त सूचना. गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणाऱ्या सिलिअॅक आजाराची नुसती शंका येताच उत्साहाच्या भरात गहू बंद करू नये. टीटीजीची रक्ततपासणी आणि लहान आतड्याची बायोप्सी, दोन्ही गहू पोटात जात असतानाच खरं बोलतात. आधीच पथ्य धरलं तर रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो आणि घरचे म्हणतात, "बघ, तुला काही झालेलंच नाही." तेव्हा निदान होईपर्यंत चपात्या निमूट खाव्यात. निदान झालं की गहू, जव आणि राय नावाचं विलायती धान्य जन्मभरासाठी बंद. गोळी नाही, इंजेक्शन नाही. राय आपल्या ताटात कधी आलीच नव्हती, तरी तिच्या त्यागाचं पुण्य पूर्ण पदरात पाडून घ्यावं.

आता खायचं काय? शहरातला रुग्ण मॉलकडे धावतो आणि महागडा ग्लूटेन-फ्री पाव आणून तो कसाबसा गिळतो. नगरकराने या खर्चात पडू नये. कर्जत, जामखेड, पारनेरच्या रानात रब्बीची ज्वारी उभी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती हे ज्वारीचे वाण काढून ठेवलेत. अकोले तालुक्यात नागली-वरई आहे, आणि तिथल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा सगळा सरंजाम आपल्याच आजारासाठी मांडलाय, अशा ऐटीत वागावं.

भाकरी येत नसेल तर शिकावी. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणाही नाही. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, एका भाकरीपुरताच गोळा तळहाताच्या टाचेने रगडायचा आणि परातीत पीठ भुरभुरून तो गोल फिरवत थापायचा. कडा फाटल्या तर आपल्या हाताला दोष देऊ नये, पीठ कधी दळलंय ते आठवावं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते. मात्र विरी यावी म्हणून शेजारीण चिमूटभर कणीक सुचवेल. तिला चहा पाजून परत पाठवावं.

खरा घात गिरणीत होतो. तुमच्या पायलीभर ज्वारीआधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असतात आणि त्यांचं पीठ जात्यात, पाइपात, पिशवीत बसून असतं. 'ग्लूटेन-फ्री' म्हणवून घ्यायला कायद्याने मुभा आहे किलोला 20 मिलिग्रॅमपर्यंत. गिरणीवाल्याच्या भुवयांवरच त्याहून जास्त असेल. त्याला हे सांगायला जाऊ नये, तो भुवया उडवेल. घरघंटी घ्यावी आणि तिला गव्हाचा वारा लागू देऊ नये. पाहुणे आले की "जरा आमचे दोन किलो गहू" म्हणतीलच, तेव्हा घंटी नादुरुस्त आहे असं सांगावं. घरातही परात, पोळपाट, तवा वेगळा हवा. सुनेने किंवा सासूने हे वेगळेपण मनाला लावून घेतलं, तर तो आजार या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

पुढे गुप्त शत्रू. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचावीत, कारण बाजारच्या हिंगात बहुतेकदा मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात मूठभर गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू. हुलग्याच्या शेंगोळ्यांना वळण यावं म्हणून कुणी कणीक घालतं आणि विचारलं तर "नावाला" म्हणतं. सराला बेटाच्या सप्ताहाचा महाप्रसाद आमटी-भाकरीचा, म्हणून हुरळून पंगतीला बसू नये. भाकरी गावोगावच्या चुलींवरून येते आणि आमटीतल्या हिंगाची डबी कुणी वाचलेली नसते. उलट एकादशीला आनंदाने उपास धरावा. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, सगळंच चालतं, फक्त उपासाचं पीठ त्याच गिरणीतलं नसावं. घरचे फराळाला कंटाळतील तेव्हा आपण दुसरं ताट घ्यावं.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे आग्रह. "एका घासाने काय होतंय?" या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे: आतड्याच्या आतल्या मखमलीची लव झडते, अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होतं. हे उत्तर पंगतीत देऊन पाहावं. कुणी ऐकत नाही. सत्यनारायणाला तर प्रसाद नाकारणं अशक्यच. कलावती प्रसाद न घेता धावली आणि तिच्या नवऱ्याची नाव बुडाली, हे नुकतंच पोथीत ऐकवलेलं असतं. तेव्हा द्रोण कपाळाला लावावा, शेजारच्या पोराच्या हाती द्यावा आणि आपण केळं उचलावं.

एवढ्यानेही भागलं नाही तर शेवटचा उपाय. डॉक्टरचं नाव काढू नये, त्याच्याशी वाद घालायला सगळे तयार असतात. "गहू काशीला सोडलाय" असं म्हणावं. मग कुणी आजार विचारत नाही, रिपोर्ट मागत नाही. यजमानीणबाई हातातली पोळी खाली ठेवतात, नमस्कार करतात आणि म्हणतात, "मग राहू द्या हो. रव्याचा शिरा वाढते, आणि शेवयांची खीर."