पलीकडच्यांचं गाणं आणि भिशीतला घोटाळा

अहो वहिनी, ऐकलंत का? या, अशा सावलीत या. हळूच बोलते, त्यांची खिडकी उघडी आहे.

पलीकडच्या पोट्ट्यांचं गाणं हो! आता गाणं केलं हे तर अख्ख्या तुकूमला माहीत आहे, महिनाभर वरच्या खोलीत धडामधुडूम चाललं होतं ते काय लपतं? मी सांगतेय ते पुढचं. गाणं लोकांना ऐकवल्यावर काय झालं, ते.

मुळात मे महिन्यात चंद्रपुरात कोणी रेकॉर्डिंग करतं का? पारा 46 वर, खिडक्यांना रजया ठोकलेल्या, भिंतीला गाद्या उभ्या केलेल्या आणि म्हणे हा स्टुडिओ! कूलर बंद केला तर चौघं उकडून निघतील, म्हणून कूलर सुरू. मग काय, गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत घर्रर्र. त्यांच्यातल्या धाकट्याने कॉम्प्युटरवर ते काय नॉइज रिडक्शन केलं, तर घरघर गेली आणि गाणाऱ्याचा आवाजही तिच्याबरोबर गेला. माठात तोंड घालून गातोय जसा. त्यावर ऑटोट्यून. एवढं करून परत कोणाला विचारायचं नाही, थेट गच्चीवर बोलावणं! आलुबोंडे होते, मठ्ठा होता… मठ्ठ्यात मीठ जास्त होतं, पण जाऊ द्या.

तर काय सांगत होते? हां, गच्ची. मोठा स्पीकर आणला होता कोणाचा तरी. गाणं संपलं आणि सगळे एकदम, ‘मस्त’, ‘एक नंबर’, ‘लय भारी’. हातात आलुबोंडा असताना माणूस दुसरं काय बोलणार? पेपर मिलवाले काका म्हणाले, चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. ते तर ‘वंदे मातरम्’लाही तसंच म्हणतील. गाणाऱ्याच्या बाबांनी विचारलं, याचे पैसे किती मिळतात? आणि आपल्या मास्तरीणबाई, त्या म्हणाल्या, ‘छान प्रयत्न आहे.’ प्रयत्न! अहो, गिटारवाल्याचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं. त्याने हातातला आलुबोंडा तसाच ताटलीत ठेवला.

आणि वडशाचे मामा कोपऱ्यात गप्प. तेच हो, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतात ते. दिवाळी ते होळी त्यांचा पत्ता नसतो, आज या गावचा शंकरपट, उद्या त्या गावची मंडई, दिवसा बैल पळतात आणि रात्रभर नाटक. सध्या सीझन संपलाय म्हणून बहिणीकडे आलेत. गुरनोलीच्या परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली ना, तेव्हा या मामांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, आठवतं? जसा काही स्वतःलाच मिळाला पुरस्कार.

तर गाणाऱ्यानेच विचारलं, ‘मामा, तुम्ही काहून गप्प?’ मामा म्हणाले, ‘पुन्हा लाव. आवाज कमी करून लाव.’ अहो, ही खुबी मला आत्ता कळली. आवाज चढवला की कोणतंही गाणं बरं वाटतं म्हणे, खरं काय ते बारीक आवाजातच समजतं. लावलं. मामा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, ‘थांबव. इथं तू श्वास घेतला आणि शब्द गिळला. कोणता शब्द होता बाप्पा?’ तर काय सांगू, चौघांना चार शब्द ऐकू आले! लिहिणाऱ्यालाही आठवेना. मामा म्हणाले, ‘आमच्या नाटकात पार मागं बैलबंडीवर बसलेल्या म्हाताऱ्याला शब्द गेला पाहिजे. नाही गेला तर तो तिथूनच ओरडते.’ दुसऱ्या कडव्यात ऑक्टोपॅड गाण्याच्या पुढे पळतोय, तेही सांगितलं. कुठे पळतोय, कुठून परत येतोय, बोटांवर मोजून दाखवलं. ऑक्टोपॅडवाला म्हणे, ती स्टाइल आहे. मामा म्हणाले, ‘हौ. मग ऑर्गनवर मीही स्टाइल मारतो.’

आणि शेवटी जे विचारलं ना! ‘समुद्र पाह्यला का कोणी?’ कारण गाण्यात सागरकिनारा आहे, वाळू आहे, लाटा आहेत. चौघंही मान खाली. इरई धरणापलीकडे गेलेत का कधी? रामाळा तलावाच्या काठावर बसून फोटो काढायचे आणि गाण्यात सागर! लिहिणारा असा रुसला, की चप्पल न घालताच जिना उतरला. त्या उन्हात, मायबाई.

पण खरी मजा पुढेच. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

गाणाऱ्याची ताई आहे ना, नागपूरला शिकते ती, भल्ली हुशार. ती म्हणाली, ओळखीचे लोक खरं बोलतच नाहीत. तिला आकाशवाणीवाल्या काकांनी सांगितलं होतं, रेडिओच्या ऑडिशनला परीक्षकांना गाणारा दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, त्यांच्या काळात ती ऑडिशन सुरू झाली तेव्हा मोठमोठे उस्ताद फुगून बसले होते, आमची परीक्षा घेता म्हणून. तर या पोरीने काय करावं? शनिवारच्या भिशीत मोबाइलवर हे गाणं लावलं. म्हणाली, कोणत्या तरी गावच्या मुलांचं आहे, सांगा कसं वाटतं.

मोबाइलवर तर बेस नावाला नाही, नुसतं चिवचिव. एकीने विचारलं जाहिरात आहे का. दुसरी म्हणाली बंद कर गं, चिठ्ठी काढू. आणि गाणाऱ्याची आई, सख्खी आई हो, सांभारवडी तोंडात टाकता टाकता म्हणते, ‘कोण रडून राहिलं हे?’

पोरगी लाल! सांगावं की नाही, तिला कळेना. सांगितलं शेवटी. अहो, शांतता. इतकी की कूलरमधलं पाणी पडताना ऐकू यावं. आईची वडी हातातच राहिली. बाकीच्या लगेच सुरू, नाही म्हणजे तसं चांगलं आहे, नाही म्हणजे चाल गोड आहे, ती जाहिरातवाली तर म्हणाली मी कौतुकानेच म्हटलं. पण आई काय बोलली ऐका. ‘माझ्या पोराचा आवाज मला ओळखू येऊ नये, असं काय केलं तुम्ही त्याला?’

मी म्हणते, सगळ्या गल्लीत खरी बोलली ती एकटीच. आणि मामा. बाकी आपण सगळे आलुबोंडेवाले.

गाणारा रात्री जेवला नाही म्हणे. ऑटोट्यून काढून आपला आवाज ऐकला तर आणखीच वाईट वाटलं त्याला, हा मी नव्हेच म्हणाला. तेव्हा मास्तरीणबाईंनी समजावलं. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला येतो, तो पातळ लागतो. जग तोच ऐकत असतं बेटा, म्हणाल्या. ‘प्रयत्न’ म्हणाल्याचं असं भरून काढलं त्यांनी.

आणि पातळ आवाजाचं काय घेऊन बसलात? लताबाईंनाही निर्माते मुखर्जींनी तेच म्हणून नाकारलं होतं. मग गुलाम हैदरांनी 1948 च्या ‘मजबूर’मध्ये गायला लावलं, पुढचं तुम्हाला सांगायला नको. आणि ते दिलीपकुमारचं! लोकलच्या डब्यात म्हणाले ना, मराठी लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लागलंच असेल हो त्या पोरीला. पण घरी जाऊन मौलवी लावला आणि उर्दू शिकली. पुढे त्याच दिलीपकुमारना राखी बांधली. हे मी परवा कुंपणावरून त्या पोराला मुद्दाम ऐकवलं. तो म्हणाला, ‘काकू, माझ्या उर्दूचा प्रश्नच नाही.’ घ्या!

तर आता नवीन बातमी. पुन्हा रेकॉर्ड केलं! रात्री 2 वाजता, कूलर बंद, पंखा बंद, पोट्टे बनियनवर. मामा बाहेर खुर्ची टाकून. सागर गेला, लिहिणाऱ्याने रडतखडत इरई आणली गाण्यात. आवाज त्याचा त्याचाच ठेवलाय, एक-दोन जागी घसरतो, पण शब्द न् शब्द कळतो. मला कसं माहीत? अहो, कूलर बंद असला की खिडकी उघडी असते ना त्यांची.

रविवारी पुन्हा गच्चीवर बोलावलंय, तुम्हालाही येईल निरोप. या नक्की, पण नुसतं ‘मस्त’ म्हणून आलुबोंडा उचलू नका. कुठे बिघडलं, ती जागा सांगा. ऑक्टोपॅड अजूनही जास्तच आहे, मी सांगते. पण ते तुम्ही बोला. माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे.