एक मूठ, तीन तारा

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत दोन जोड्या कधीच जुळल्या नाहीत. एक आमच्या राजदूतच्या कार्ब्युरेटरची, दुसरी दादाची आणि माझी.

राजदूत म्हटल्यावर डोळ्यांपुढे दुधाच्या किटल्या अडकवलेली १७५ आणू नका. आमची ३५० होती. यामाहाच्या आरडीवरून बेतलेली ही गाडी एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आपल्याकडे आणली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, सहा गिअर, दोन सायलेन्सर. दादा बँकेत आणि मी छापखान्यात, म्हणून पैसे अर्धे अर्धे घातले. मालकीही अर्धी अर्धी, पण कुठला अर्धा कुणाचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

दोन सिलेंडर म्हणजे कार्ब्युरेटरही दोन. कार्ब्युरेटर समजून घ्यायला चाळीत राहिलेल्या माणसाला पुस्तक लागत नाही. गॅलरीतून एखादी बातमी सुसाट गेली की खोल्याखोल्यांतून माणसं आपोआप बाहेर ओढली जातात. इथेही तेच. अरुंद गळ्यातून हवा वेगानं गेली की तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं. वेग वाढला की दाब उतरतो, हे बर्नुली नावाच्या गृहस्थांनी १७३८ सालीच लिहून ठेवलं. त्यांच्या चाळीत बिऱ्हाडं किती होती, कल्पना नाही.

एका रविवारी दादा झोपलेला असताना मी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले, गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडले, पेट्रोलनं धुतले आणि दिसेल तो स्क्रू अंदाजपंचे पिळून परत बसवले. संध्याकाळी दादा गाडी घेऊन निघाला आणि चर्नी रोडला पोचायच्या आत ढकलत परत आला. एक सिलेंडर चर्चगेटला निघालेला, दुसरा विरारला.

मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं. गाडीला हात न लावता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“स्क्रू फिरवलात?”

“थोडासा.”

“विंचूही थोडासाच चावतो.”

त्यांनी आधी इंजिन तापू दिलं. मग दोन्हीकडचे एअर स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत नेले आणि दीड दीड आटा मागे घेतले. त्यानंतर एअर फिल्टर काढला आणि खिशातून सायकलचे दोन स्पोक बाहेर निघाले, एकाच मापाचे तोडलेले. एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडात, वरखाली सरकणाऱ्या स्लाइडच्या खाली, एकेक स्पोक अडकवला. गाडी बंद. मला म्हणाले, “मूठ पिळा. पण दही लावताना हात फिरतो तशी.”

मी मूठ पिळली. उजव्या स्पोकनं मान टाकली. डावा ढिम्म. आणखी केसभर पिळली तेव्हा कुठे तोही कलला. मिस्त्रींनी डाव्याच्या डोक्यावरचा केबलचा नट जरासा फिरवला. पुन्हा मूठ. आता डावा आधी. पुन्हा नट. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी दोन्ही स्पोक एकदम वाकले, देवापुढे नमस्काराला वाकलेल्या नवराबायकोसारखे.

“दोघं पूर्ण उघडे असताना बघायचं नसतं,” मिस्त्री म्हणाले. “तेव्हा सगळेच शहाणे दिसतात. जागचं हलताना कोण मागे राहतो, ते बघायचं. जो मागे राहतो त्याचं ओझं दुसऱ्यावर पडतं.”

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी स्पोककडे पाहिलं.

मग गाडी सुरू झाली. मिस्त्रींनी दोन्ही सायलेन्सरच्या मागे एकेक तळवा धरला आणि डोळे मिटले. धूर दोन्ही तळव्यांवर सारख्या धक्क्यानं यायला हवा. एवढ्यात वरून आवाज आला, “डावा उतरलाय हो!” दुसऱ्या मजल्यावर गाणं शिकवणारे मास्तर होते. ऑपेरा हाउसला देवधर मास्तरांची संगीतशाळा आणि गणपतीत ब्राह्मण सभेचं गाणं, एवढ्या शेजारात पिकलेला कान. दोन तानपुरे एकमेकांत मिसळेपर्यंत गाणाऱ्यानं तोंड उघडू नये, हा त्यांचा नियम. मिस्त्री ओशाळं हसले आणि डावीकडचा स्क्रू पाव आटा फिरवला. मास्तरांनी “हं” म्हटल्यावरच पान्याची पिशवी बंद झाली.

तेवढ्यात आई वाळत घातलेले पापड उचलायला आली. त्यांना ऑइलचा वास लागला होता. त्या वर्षी आमच्या पाहुण्यांनी पोह्याचे टू-स्ट्रोक पापड खाल्ले.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. मुठीतून निघालेली केबल पुढे दोन नाही, तीन ठिकाणी फुटते. दोन तारा कार्ब्युरेटरना जातात आणि तिसरी ऑइल पंपाला. मूठ जितकी पिळाल तितकं तेल जास्त सुटतं, म्हणजे पिस्टन घासून जाम होत नाहीत. कार्ब्युरेटर जुळवून झाले की पंपाची खूण जाग्यावर आहे ना, तेही बघावं लागतं. ते बहुतेक जण विसरतात. आमच्या घरातला तो पंप म्हणजे आई. दोघं भाऊ जितके तापू तितकं तेल ती सोडत राहिली. तिची खूण आम्ही कधी तपासली नाही.

आता दादा डोंबिवलीला. त्याचा मुलगा कॅनडात, आणि त्यानं तिथे बर्फावर पट्ट्यानं धावणारी जुनी यामाहा घेतली आहे. यामाहानं १९६८ मध्ये अशी पहिली गाडी काढली, तीसुद्धा दोन सिलेंडरचीच. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. “काका, जुळत नाहीये.” मागे उणे वीस. थंडीत हवा दाट होते, तिला पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून जेट मोठा घाल, असं मी घाम पुसत सांगितलं. त्याच्याकडे दोन काट्यांचा मीटर आहे. म्हटलं, तो ठेव बाजूला, घरात सायकल आहे का?

आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेले. किती पेट्रोल सोडायचं ते आता कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याला भाऊ नसतो. आमची ३५० मात्र जिन्याखाली ताडपत्री पांघरून असते आणि गिरगावच्या शोभायात्रेसाठी पाडव्याच्या आदल्या दिवशी बाहेर निघते. मिस्त्री नाहीत, मास्तर नाहीत. स्पोक आहेत.

यंदाही दादा आला. स्पोक वाकले, गाडी सुरू झाली. खाली बसताना दोघांचे गुडघे वाजले. त्यानं डावीकडे तळवा धरला, मी उजवीकडे. डोळे मिटून दोघांनी बराच वेळ ऐकलं आणि दोघं एकाच क्षणी म्हणालो,

“तुझ्याकडचा कमी आहे.”