परसबागेला माणूस घरी लागतो

न्हाणीचं पाणी आयुष्यभर केळीला आणि अळवाला सोडणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या परळीच्या बाईला शाश्वत जीवनशैली शिकवायला कुणी जाऊ नये. खरकटं शेळीला, लेंड्या दोडक्याच्या आळ्यात, दाराशी शेवगा, कुडावर वाल. वांग्यावर मावा पडला की चुलीची राख भुरभुरायची. तिनं काही वाया जाऊच दिलं नाही, कारण वाया घालवण्याइतकं घरात कधी नव्हतंच. आज हेच सगळं मोठ्या शहरांत कार्यशाळेची फी भरून शिकतात. शिकू देत. माझा राग शिकणाऱ्यांवर नाही. ज्यांनी हे टिकवलं त्यांच्या परसात आता काय उरलंय हे कुणी विचारत नाही, त्यावर आहे.

परळीच्या भोवती आता दुसरीच राख आहे. औष्णिक केंद्रातल्या कोळशाची. दाऊतपूर, दादाहरी वडगाव या भागात तिची तळी आहेत, वीटभट्ट्यांसाठी तिची वाहतूक चालते आणि वारा सुटला की ती मेथीच्या पानावर, वाळत घातलेल्या पापडावर, लेकरांच्या छातीत जाऊन बसते. चुलीची राख झाडाला चालते. या राखेत शिसं, आर्सेनिकसारखे जड धातू असू शकतात, म्हणून तिला तळ्यात ओलं आणि गाडीत झाकलेलं ठेवायचं असतं. पुण्यातल्या गच्चीवरच्या बागेत लावलेल्या दिव्यात इथली वीज असेल, तर ही राखही त्या गच्चीच्या हिशेबात धरा.

पाण्याचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून इथले वीजनिर्मितीचे संच बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी टोमॅटोच्या रोपाला तांब्याभर पाणी घालणारी बाई घरातल्या कुणाच्या तरी वाटचं पाणी देत असते. एरवी तिच्या मदतीला न्हाणीचं सांडपाणी असायचं. आता सिमेंटच्या नाल्या आल्या, शोषखड्डे आले. डास कमी झाले, ते चांगलंच झालं. पण ते पाणी खड्ड्यात जिरवण्याआधी दोन झाडांच्या आळ्यातून फिरवावं, एवढं आराखड्यात कुणी लिहिलं नाही. ज्यांनी आराखडा काढला त्यांच्या घरी भाजी मंडईतून येते.

तरी जागा मिळेल, पाणीही कसंबसं मिळेल. घरी राहणारं माणूस कुठून आणायचं? दसरा झाला की बीड जिल्ह्यातली लाखो माणसं उसाला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंतच्या फडांवर, पाचटाच्या कोपीत. जूनमध्ये लावलेला वेल नेमका भरात येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. परसबागेच्या योजनेत बियाणं वाटताना पाकिटं किती गेली हे मोजतात. कुलपं किती लागली, हेही एकदा मोजावं. आणि ही बाई दिवसभर जो तोडते तो ऊस सगळ्यात जास्त पाणी पिणाऱ्या पिकांपैकी आहे. पाण्याची उधळपट्टी तिच्या हातून करवून घ्यायची आणि पाणी जपण्याचा धडाही तिलाच द्यायचा, हा अन्याय आहे.

श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या चळवळीतून मांडलं ते अगदी साधं होतं: थोडी जमीन, मोजकं पाणी, पडेल तो पालापाचोळा, आणि त्यावर एक कुटुंब नीट जगलं पाहिजे. त्याच वाटेनं मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. ती बाग मला मनापासून आवडते. पण दाभोलकरांचा विचार मुळात अल्पभूधारकासाठी होता. तो गच्चीवर पोचला आणि आमच्या वस्तीत आला नाही, हे दुखतं.

मराठवाड्यातच एक रस्ता दिसलाही आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांना नवऱ्याकडून, सासऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायला लावला. त्या तुकड्यात काय पेरायचं ते बाई ठरवणार: डाळी, भाज्या, ज्वारी, आधी घरासाठी आणि उरलं तर बाजाराला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. सुरुवात बियाण्याच्या पाकिटानं नव्हे, जमिनीवरच्या अधिकारानं झाली, म्हणून ते टिकलं.

परळीत बागेची योजना करायचीच असेल, तर राखेच्या गाड्या आधी ताडपत्रीखाली आणा. शोषखड्ड्याच्या अंदाजपत्रकात केळीचं आळं धरा. रोजगार हमीची कामं दसऱ्याच्या आधी काढा आणि मजुरी वेळेवर द्या, म्हणजे मुकादमाची उचल घ्यायची का, हे बाईला ठरवता येईल. अळू कसं लावायचं ते तिला ठाऊक आहे.