सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन!

जव्हार-मोखाड्याकडे भांडण कितीही लहान असो, त्यातली शेवटची धमकी ठरलेली: "सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन, पण सोडणार नाय!" भांडण असतं हातभर बांधाचं, नाहीतर नागलीत शिरलेल्या बैलाचं. बोलणाऱ्याने मुंबईचं हायकोर्ट बाहेरूनही पाहिलेलं नसतं. पण ऐकणारा जरा गप्प होतो. दिल्लीच्या नावाला तेवढं वजन आहेच.

या माणसाचा हिशेब सरळ असतो. तालुक्याला हरलो तर जिल्ह्याला, तिथे हरलो तर मुंबईला, आणि मुंबईनेही ऐकलं नाही तर दिल्ली आहेच! कायद्याचा हिशेब मात्र निराळा. दिवाणी दाव्यात पहिलं अपील हक्काचं. दुसऱ्या अपिलात हायकोर्ट विचारतं, यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कोणता? बांध बैलाने मोडला की शेजाऱ्याने, हा काही कायद्याचा प्रश्न नव्हे. आणि दिल्लीत तर राज्यघटनेच्या कलम १३६ खाली आधी अपील करण्याची परवानगीच मागावी लागते. तिला विशेष अनुमती याचिका म्हणतात.

या कामाचे दिवस परंपरेने सोमवार आणि शुक्रवार. दोन न्यायमूर्ती बसलेले, समोर याचिकांची रांग. मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, पाहिलेल्याला हे दृश्य परकं वाटू नये. एकेक सोंग मशालीच्या उजेडात येतं, संबळावर थोडं नाचतं, की मागचं पुढे सरकतं. फरक इतकाच की बोहाड्यात सोंगाला नाचू तरी देतात. इथे न्यायमूर्ती कागद आधीच वाचून आलेले असतात, त्यामुळे वकिलाचा घसा साफ होईपर्यंत 'डिसमिस्ड' कानावर पडू शकतं. नशीब जोरावर असेल तर समोरच्याला नोटीस निघते.

मग घ्यायची कोणती आणि सोडायची कोणती? १९५० सालीच प्रीतम सिंग खटल्यात कोर्टाने सांगून टाकलं की हा अधिकार जपून, अपवाद म्हणूनच वापरायचा. पुढे काही न्यायमूर्तींना वाटलं, नीट नियम आखून द्यावेत. २०१६ साली पाच जणांच्या घटनापीठाने त्याला नकार दिला. अधिकार मोकळाच ठेवला. मला हे अर्धंच पटतं. नियम बांधले की ज्याच्यावर खरा अन्याय झाला तोच नेमका त्यात बसत नाही. पण नियम नसले की आपली याचिका का घेतली नाही, हे गरिबाला जन्मभर कळत नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. २००० सालच्या कुन्हयम्मद निकालानुसार, कारण न देता याचिका फेटाळली म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरवला असं नाही. ऐकायचं नाही, एवढंच. हे जव्हारच्या एसटी स्टँडवर एखाद्या म्हाताऱ्या पक्षकाराला पटवून देणारा वकील मला अजून भेटायचा आहे. "मंग मी हरलो का नाय?" "हरलात आजोबा, पण दिल्लीने हरवलं नाही."

तरीही ज्याला जायचंच आहे त्याने हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवस मोजावेत. वकिलाच्या फीचं म्हणाल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो, तालुक्याच्या कोर्टापासून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत.