पान उलटू नये

लंडनमधला शूबर्टभक्त ओळखावा तो त्याच्या फराळावरून. रेकॉर्ड ऐकायला बोलावलेल्या पाहुण्यापुढे तो कुरकुरीत काही ठेवत नाही. मऊ केक, तोही आधीच कापलेला. कपाखाली बशी नसते, बशी वाजते.

आमच्या शेजारचे गृहस्थ या पंथातले. 'विंटरराइझ' म्हणजे त्यांची पोथी. विल्हेल्म म्युलरच्या कविता, शूबर्टची १८२७ सालची चाल, गाणी २४. प्रेमभंग झालेला तरुण ऐन थंडीत गाव सोडून चालू लागतो, एवढीच गोष्ट. एक गायक, एक पियानो. फिशर-डीस्काउ आणि जेराल्ड मूर या जोडीच्याच रेकॉर्डी यांच्याकडे तीन: १९५५, १९६२ आणि १९७१. गायक तोच, वादक तोच, गाणी तीच, असं आपण म्हणावं आणि त्यांच्या नजरेतून कायमचं उतरावं.

खरं तर गायकाला ते फक्त सहन करतात. जीव सगळा मूरवर. मूरने आपल्या आत्मचरित्राचं नाव 'मी फार जोरात वाजवतोय का?' असं ठेवलं, हे ते दर खेपेला सांगतात; आणि बायको स्वयंपाकघरात भांडी लावायला लागली की हाच प्रश्न जरा वेगळ्या सुरात तिला विचारतात. मैफलीच्या पुस्तिकेत कधी कधी विनंती छापतात, की पियानोची साथ संपेपर्यंत पान उलटू नये. ते घरीही पान उलटू देत नाहीत.

पुण्याहून आलेल्या मामांना मी तिथे नेलं. पहिलं गाणं सुरू झालं. पियानोत एका लयीत पावलं पडत होती. शेवटच्या कडव्याला मायनर सरून मेजर लागतं. त्याच चालीवर एकदम ऊन पडतं. गृहस्थांची तर्जनी वर गेली. नेमक्या त्या जागेला मामांनी मांडीवर थाप मारून दणदणीत "क्या बात है!" दिली.

सुई उचलली गेली. गाणं पुन्हा पहिल्यापासून. (जागेला दाद द्यायची नाही, तर मग ती घ्यायची कशाला, हा मामांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.)

पुढची गाणी मामांनी तोंडात केक धरून काढली. शेवटचं आलं. बर्फात अनवाणी उभा राहून वाद्याची दांडी फिरवणारा म्हातारा, समोरची थाळी रिकामी. डाव्या हातात तेच दोन सूर, सुरुवातीपासून अखेरपर्यंत.

"अरे, षड्ज-पंचम! तंबोरा लावलाय की यांनी!"

मी घाबरत भाषांतर केलं. गृहस्थ मामांकडे बघत राहिले, मग उठून त्यांनी १९५५ची रेकॉर्ड काढली. ती संपल्यावर १९६२ची. कुठला तंबोरा जास्त जुळलाय यावरून साडेअकराला दोघांचा वाद पेटला, एकाला इंग्रजी धड येत नसताना आणि दुसऱ्याला मराठी मुळीच येत नसताना. बायकोने दारातून डोकावून विचारलं, "मी फार जोरात झोपतेय का?"